वाटी चाटूनपुसून

रिबका सिस्टरनं आयुष्यात कोणाचं वाकडं केलं नाही, असं अख्खी गल्ली सांगायची, आणि सिस्टरलाही ते पटलेलं होतं. का पटू नये? उभा जन्म दवाखान्यात नर्स म्हणून गेला. रिटायर झाल्यावरही कोणाचं बीपी बघ, कोणाला इंजेक्शन दे, कोणाच्या सुनेचे टाके बघ, हे चालूच. नाताळ आला की करंज्या, चकल्या, शेव आणि केक अशी ताटं भरायची, वर विणलेला रुमाल झाकायची आणि गल्लीत सगळ्यांकडे स्वतः पोचवायची. कोण बौद्ध, कोण तेली, कोण मुसलमान, काही बघायची नाही. रविवारी चर्चमध्ये शेजाऱ्यावर प्रीती करण्याचा विषय निघाला, की ती पदर सावरून जरा सरळ बसायची. बाकीच्यांनी ऐकावं, आपला हा धडा कधीचा पाठ आहे, असं तिचं मन म्हणायचं.

आता माणसाला स्वतःबद्दल असं वाटायला लागलं ना, की खुशाल समजावं, कुठंतरी पाणी मुरतंय.

तिचं घर नागपुरात, मेकोसाबागच्या मागच्या अंगाला. एकेकाळी त्या गल्लीत निम्मी घरं ख्रिस्ती होती. मग एकेक जण घर विकून गेला, कोणी पुण्याला, कोणी पोरांकडे परदेशात. डोंगरेसाहेब, म्हणजे सिस्टरचे यजमान, रेल्वेत होते. तेही जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी प्रीती बंगलोरला. रविवारी व्हिडिओ कॉल करायची आणि स्क्रीनकडे बघत दुसरंच काहीतरी टाइप करायची. उरली सिस्टर, एक कूलर, एक टीव्ही आणि अंगणातली कंबरेएवढी भिंत.

त्या भिंतीपलीकडे अंजनाबाई गजभिये राहायच्या. म्युनिसिपालिटीच्या शाळेतून हेडमास्तरीण होऊन रिटायर झालेल्या, आवाज असा की तीन घरं सोडून चौथ्या घरातलं पोर पाढे म्हणायला लागावं. मुलगा प्रशिक बुटीबोरीच्या एका कंपनीत शिफ्ट ड्युटीवर. यजमान त्यांचेही गेलेले. ऊन उतरलं की दोघी आपापल्या अंगणात खुर्च्या टाकायच्या, एक भिंतीच्या अल्याड, एक पल्याड. चहा कधी इकडून जायचा, कधी तिकडून यायचा. बोलणं काय विशेष नाही. भाव काय, पाणी किती वेळ आलं, गुडघा कोणता दुखतो. पण सिस्टरचा अख्खा दिवस त्या एका तासाकडे तोंड करून बसलेला असायचा. सकाळी काही झालं की ती मनात म्हणायची, हे संध्याकाळी अंजनाताईला सांगायचं.

आणि एवढ्या जिवाभावाच्या बाईशी सिस्टर वर्षातून एकदा खोटं बोलायची.

बुद्धपौर्णिमेला अंजनाबाईंच्या घरी खीर व्हायची. मोठ्या पितळी गंजात, घट्ट दुधाची. पांढरी साडी नेसून त्या विहारातून वंदना करून आल्या की आधी वाट्या भरायच्या आणि गल्लीत पाठवायच्या. सिस्टरची वाटी त्या स्वतः भिंतीवरून द्यायच्या. सिस्टर हसून घ्यायची. आत जाऊन दार लावायची. "प्रभू, माफ कर" म्हणायची. मग मागच्या दारी जाऊन ती खीर काळूच्या घमेल्यात ओतायची. काळू म्हणजे गल्लीतलं कुत्रं. त्याला बिचाऱ्याला काय, तो दरवर्षी शेपूट हलवत हजर! मग सिस्टर वाटी घासायची, रिकामी कशी द्यायची म्हणून त्यात साखर भरायची आणि संध्याकाळी भिंतीपाशी येऊन म्हणायची, "अंजनाताई, खीर काय झाली होती हो! वाटी चाटूनपुसून खाल्ली."

यात तिला काही पाप वाटत नव्हतं असं नाही. पण ते दुसरं पाप तिला जास्त मोठं वाटायचं. तिचे वडील गावोगाव फिरणारे प्रचारक. लहानपणी तिनं एकदा शेजारच्या गणपतीपुढचा पेढा खाल्ला होता. वडिलांनी तिला हातपंपावर नेऊन चूळ भरायला लावली, गल्लीतल्या पोरांदेखत. मारलं नाही. पण चूळ भरून झाल्यावर तो उंचापुरा माणूस तिथंच पंपाशी बसून रडला. आपण काहीतरी फार भयंकर केलं, एवढं त्या पोरीला कळलं. तेव्हापासून दुसऱ्याच्या देवापुढचं काही तोंडाशी आलं की तिला तो हातपंपच दिसायचा. ही खीरही बुद्धाच्या मूर्तीपुढं ठेवलेलीच असणार, असं ती पहिल्याच वर्षी धरून चालली. विचारलं कधीच नाही. विचारायचं कसं? वाईट वाटेल ना! दुसऱ्याला वाईट वाटू नये म्हणून आपण काय काय करतो, याचा हिशेब कोणी करायचा म्हटलं तर हसावं की रडावं कळायचं नाही.

यंदा अंजनाबाईंच्या घरी सून आलेली होती. रितिका. पोरगी गोड, पण स्वयंपाकघरात जरा धांदरट. पौर्णिमेच्या दिवशी अंजनाबाई विहारात गेलेल्या, खीर हिनं केली, आणि सासूबाईंना खूश करावं म्हणून वाट्याही हिनंच वाटून टाकल्या. आणि खिरीत साखरेच्या जागी मीठ! दोन डबे सारखेच, झाकणंही सारखी, हिनं बघितलंच नाही.

पंधरा मिनिटांत गल्लीत धुमाकूळ उठला. समोरच्या धोंडबानं पहिला घास घेतला आणि रस्त्यावर येऊन थुंकला. "अवो गजभिये मॅडम, समुद्राचं पाणी आणलं का काय सुनेनं?" जो तो वाटी घेऊन दारात, जो तो हसून राहिला. रितिका तोंडावर ओढणी घेऊन आत. अंजनाबाई आल्या, त्यांनी चव घेतली आणि त्याही पोट धरून हसल्या. दिवसभर गल्लीला दुसरा विषय नव्हता.

सिस्टरला यातलं काहीच कळलं नाही. मे महिन्याचं नागपूर, बाहेर झळा, दारं-खिडक्या बंद, आत कूलरची घरघर. तिनं आपलं नेहमीचं काम नेहमीसारखं केलं. आणि संध्याकाळी साखर भरलेली वाटी घेऊन भिंतीपाशी आली.

"अंजनाताई, यंदाची खीर काय गोड झाली होती हो!"

रितिका तिथंच होती. ती खुदकन हसली. अंजनाबाईही हसल्या. "घ्या! आता सिस्टरबी चिडवाले लागल्या. पोरीले जगू द्या ना बाप्पा."

"चिडवत नाही, खरंच," सिस्टर म्हणाली. हसू कशाचं आहे ते तिला कळेना, म्हणून तिनं आणखी जोर लावला. "इतकी गोड खीर मी कधी खाल्ली नाही. वाटी चाटूनपुसून खाल्ली."

रितिकाचं हसू तोंडावरच राहिलं. तिनं सासूकडे बघितलं. अंजनाबाई सिस्टरकडे बघत होत्या. वर्गात पोरगं खोटं बोलताना सापडलं की हेडमास्तरीण बघते ना, तसं नाही. पोरगं खोटं का बोललं ते कळत नाही, तसं.

"बरं," त्या म्हणाल्या आणि वाटी घेऊन आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर मागच्या दारी गेली तर घमेलं तसंच. खीर वाळून त्यावर साय धरलेली. काळू शेजारी पडून होता आणि घमेल्याकडे ढुंकून बघत नव्हता. अरे, याला काय झालं, म्हणून ती घमेलं उचलून नळाखाली घासायला लागली. तेवढ्यात भिंतीपाशी चाहूल लागली. अंजनाबाई कढीपत्ता तोडायला आल्या होत्या. झाड भिंतीला लागूनच. त्यांचा हात डहाळीवर होता आणि नजर घमेल्यावर.

सिस्टरनं घमेलं पाठीमागे नेलं. आता अशा वेळी माणूस काय करतं! लहान पोरासारखं ते घमेलं पाठीमागे धरून ती उभी राहिली, आणि पाणी तिच्या साडीवर ठिबकत राहिलं.

"कुत्र्यानंबी नाही खाल्ली ना?" अंजनाबाई म्हणाल्या. आवाज अगदी साधा. "मीठ होतं त्याच्यात, सिस्टर."

कढीपत्ता न तोडताच त्या आत गेल्या.

त्या संध्याकाळी पलीकडे खुर्ची आली नाही. दुसऱ्या संध्याकाळीही नाही. सिस्टर आपली खुर्ची टाकून बसली, चहा केला, दोन कप केला, आणि दुसरा कप निवून गेला तेव्हा तिनं तो मोरीत ओतला. पलीकडे माणसं होती. भांड्यांचे आवाज येत होते, प्रशिकची गाडी येत होती, रितिका कोणाशी तरी फोनवर बोलत होती. भिंत कंबरेएवढीच होती, पण त्या भिंतीवरून काही म्हणजे काही येत नव्हतं.

दर शनिवारी अंजनाबाई सिस्टरकडे बीपी तपासून घ्यायला यायच्या. आल्या नाहीत. चौकातल्या मेडिकलमध्ये मशीन लावून घेताना सिस्टरनं त्यांना लांबून बघितलं. ते मेडिकलवालं पोरगं पट्टा चुकीचा बांधत होतं. सिस्टरचे हात शिवशिवले, पण पाय पुढं गेले नाहीत.

एकटेपणा तिला नवा नव्हता. डोंगरेसाहेब गेले तेव्हाही घर असंच मोठं झालं होतं. पण ते देवानं केलेलं होतं आणि त्याची तक्रार देवाकडे करता येत होती. हे तिचं स्वतःचं होतं. सकाळी एकदा खिचडी टाकायची, तीच रात्री गरम करायची, कधी तेही नाही. टीव्ही चालू ठेवायची, बघायची नाही. काही घडलं की मनात यायचं, हे संध्याकाळी सांगायचं, आणि मग आठवायचं. दिवसातून किती वेळा आठवायचं! एकदा तर नळाला तांबूस पाणी आलं आणि ती भरभर भिंतीपाशी गेली, "ताई, तुमच्याकडेही" एवढं म्हणूनसुद्धा झालं, आणि पलीकडचं अंगण मोकळं होतं. तिला रडू आलं. पाण्याच्या रंगावरून रडायचं वय आहे का हे? पण आलं.

रविवारी उपासना संपल्यावर ती पाळकसाहेबांकडे गेली. नवे पाळक, प्रीतम नावाचे, वयानं तिच्या मुलीएवढे. त्यांना पार्किंग कमिटीची मीटिंग गाठायची होती. तिनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "सिस्टर, तुम्ही विश्वासात पक्क्या आहात. चुकलं असं मानू नका. मूर्तीपुढचं खाल्लं नाहीत, बरोबरच केलंत."

"पण ती बोलत नाही."

"प्रार्थना करू," ते म्हणाले. मग घड्याळाकडे बघून त्यांनी लगेच केली, आणि छान केली.

सिस्टर ऑटोनं घरी आली. आपण बरोबर आहोत हे आता पाळकांनीही सांगितलं होतं. ते घेऊन ती खुर्चीत बसली. बरोबर असण्याचं काय करायचं ते तिला कळेना. त्याच्याशी बोलता येत नाही, त्याला चहा पाजता येत नाही. एवढी एकटी ती त्या महिन्यात दुसऱ्या कोणत्या दिवशी नव्हती.

मग एके सकाळी भाजीच्या हातगाडीपाशी रितिका भेटली. एकटीच. उन्हानं पोरीचं तोंड लाल झालेलं. सिस्टरला राहवलं नाही. "ये ना गं आत, लिंबाचं सरबत देते. दोन मिनिटं."

रितिकानं मान खाली घातली. पोरगी भांडकुदळ नव्हती, तिला बोलणंही जड जात होतं. पण बोलली. "नको सिस्टर. आई म्हणते, तुमाले आमच्या घरचं चालत नाही. मंग आमी तुमच्या घरचं काहून घ्याव?"

ती गेली. भाजीवाला "टमाटे देऊ का" म्हणत राहिला.

चालत नाही! सिस्टर फाटकाला धरून उभी राहिली. महिनाभर तिला वाटत होतं, अंजनाताई खोट्यावर रागावली. एक वाटी खीर वाया घालवली म्हणून रागावली. दोन धर्मांचं काहीतरी आहे म्हणून रागावली. शिवाशिवीचं हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि यायला पाहिजे होतं, तिच्या तर सगळ्यांच्या आधी! तिचा आजा कन्हानकाठच्या एका गावातल्या महारवाड्यातला. त्यानं बाप्तिस्मा घेतला तो काय पुस्तकं वाचून घेतला होता? आजी सांगायची, पाटलीण भाकर वरून टाकायची, पदरात पडली तर पडली, नाही तर मातीत, आणि मातीतली उचलायला मागं कुत्रं टपलेलंच असायचं. ती गोष्ट सांगताना आजी म्हातारपणीही पदराला हात लावायची. आणि त्याच आजीच्या नातीनं अंजनाबाई गजभियेच्या हातची खीर कुत्र्याच्या घमेल्यात ओतली होती. एकदा नाही, वर्षानुवर्षं. गोड बोलून.

त्या दिवशी तिनं प्रार्थनाही केली नाही. देवाला काय सांगायचं होतं? ज्याला सांगायचं ते माणूस भिंतीपलीकडे होतं.

संध्याकाळी ती भिंतीपाशी न जाता रस्त्यानं फिरून गजभियांच्या दारात गेली. बेल वाजवली. अंजनाबाईंनीच दार उघडलं. घरात आलेल्याला बसा म्हणायची त्यांची सवय, ती त्यांना मोडता आली नाही. "बसा," त्या म्हणाल्या, आणि स्वतः उभ्या राहिल्या. समोर भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली बुद्धाची लहान मूर्ती, ताजी फुलं. रितिका स्वयंपाकघराच्या दारातून डोकावली आणि आत सरकली.

"अंजनाताई, ते तुमाले वाटते तसं नाही," सिस्टर म्हणाली. दवाखान्यात शुद्ध बोलायची सवय लागलेली ती बाई, पण त्या दिवशी तिच्या तोंडातून आजीची भाषा येत होती. "तुमच्या हातचं चालत नाही असं काई नाही वं. देवाशपथ नाही. आमाले देवापुढचं खाता येत नाही. लहानपणापासून तसं आहे. बुद्धापुढं ठेवलेला प्रसाद म्हणून मी..."

"प्रसाद?" अंजनाबाई म्हणाल्या. "कोणता प्रसाद?"

"खीर."

"कोणाचा प्रसाद?"

सिस्टरनं मूर्तीकडे बघितलं.

"अवो सिस्टर!" अंजनाबाईंचा तो शाळेतला आवाज महिन्यानंतर पहिल्यांदा वर चढला. "आमी देव सोडले, तेव्हाच नैवेद्य-प्रसाद सोडला. छप्पन सालीच. माया बापानं दीक्षाभूमीवर दीक्षा घेतली, घरी आला आन् देव्हारा नदीत नेऊन टाकला. मी गल्लीतल्या गणपतीचा प्रसाद घेतो का? कधी पाहिलं? आमी बुद्धापुढं फुलं ठेवतो. खीर माणसाइले देतो. एका बाईनं एका उपाशी माणसाले खीर दिली होती, त्याची याद म्हणून देतो. उपाशी माणसाले! देवाले नाही."

सिस्टरचं तोंड उघडं राहिलं. एवढी वर्षं ती ज्याला घाबरत होती, ते त्या वाटीत नव्हतंच.

"मले माहीत नव्हतं," ती म्हणाली.

"मंग इचाराचं होतं!" अंजनाबाई आता खरोखर भडकल्या. "तुमच्या पहिल्या नाताळाले मी दारातच इचारलं का नाही? सिस्टर, हे येशूपुढं ठेवलेलं तर नाही ना, आमी प्रसाद नाही घेत. तुमी म्हणल्या, नाही, साधा फराळ आहे. मी करंजी तुमच्यासमोर तोंडात टाकली. येशूपुढचं असतं तर घेतली नसती, आन् तसं सांगतलं असतं. तुमाले काय झालं होतं तोंड उघडाले?"

"तुमाले वाईट वाटन म्हणून."

"आता लय चांगलं वाटून राहिलं मले!"

स्वयंपाकघरात भांडं पडलं. अंजनाबाई खुर्चीत बसल्या. एकदम थकल्यासारख्या दिसल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "शाळेत नवीन लागली तेव्हा स्टाफरूममध्ये एक जोशीबाई होती. माया डब्यातलं घे म्हटलं की घ्यायची. 'वा वा' म्हणायची. एक दिवस कचऱ्याच्या टोपल्यात दिसलं मले. मी काही बोलली नाही. त्यांच्याकडून तेच येणार, म्हटलं. पण तुमी? तुमचं माहेर कुठलं, आजा कोण, सगळं तुमीच सांगतलं मले, भिंतीशी बसून. घमेलं पाहिलं त्या दिवशी, मले वाटलं, येशूकडे जाऊन ह्याबी जोशीबाईच झाल्या. दुसरं कोणी असतं तर भांडली असती. तुमच्याशी काय भांडू?"

सिस्टर रडायला लागली. आवाज न करता, नर्सेस रडतात तशी, ताठ बसून. "माया मनात असं कधीच नव्हतं, ताई. आईची आण."

"नसंन. मी मानतो. पण एक सांगू? माणूस आपलं असलं की त्याले 'नको' म्हणता येते. परक्यालेच हसून हो म्हणावं लागते. तुमी इतके वर्स मले हसून हो म्हणल्या."

सिस्टरनं पदरानं डोळे पुसले. बाहेर अंधारून आलं होतं, आतून फोडणीचा वास येत होता. आता उठायला पाहिजे हे तिला कळत होतं, पण उठून जायचं कुठं? भिंतीपलीकडच्या त्या घरात, जिथं टीव्ही आपला आपण बोलत होता.

अंजनाबाईंनी तिच्याकडे बघितलं आणि शेवटी विदर्भातल्या बाईला जेवणवेळी जे विचारल्याशिवाय राहवत नाही ते विचारलं. "जेवल्या का?"

"नाही."

"मले दाखवाले म्हणून खाणार असाल तर नका खाऊ. तसं ताट मले नाही वाढायचं."

"नाही, ताई. भूक आहे," सिस्टर म्हणाली. "तुमी बोलणं सोडलं तेव्हापासून मी धड जेवलीच नाही."

अंजनाबाई उठून आत गेल्या. थोड्या वेळानं रितिकानं ताट आणून ठेवलं. वरण, भात, पोळी, एका बाजूला तिखट ठेचा. सिस्टरनं मान खाली घालून मनातल्या मनात आभार मानले आणि जेवायला लागली. अंजनाबाई स्वयंपाकघराच्या दारात पाठ करून उभ्या होत्या, उगाच काहीतरी पुसत. त्या जेवायला बसल्या नाहीत. सिस्टर एकटी जेवत होती, पण घरात माणसं होती, आणि तेवढ्यानंही तिला घास गिळता येत होता.

रितिका वाटी घेऊन आली. "सिस्टर, भरीत वाढू? आईनं केलं."

सिस्टरच्या तोंडात सवयीचं 'वाढ की' आलंच होतं. ते तिनं गिळलं.

"नको," ती म्हणाली. "मले वांगं सोसत नाही. अंगाले खाज सुटते."

रितिकाचा हात तसाच राहिला. अंजनाबाई हळूच वळल्या.

"सोसत नाही? अवो, दर हिवाळ्यात मी भरीत पाठवतो तुमाले! डबा भरभरून!"

सिस्टरनं मान खाली घातली.

"तेबी कुत्र्याले?"

"नाही. काळू वांगं खात नाही. झाडूपोछावाल्या बायजाबाईले देत होती."

"आन् मले सांगे, काय भरीत झालं म्हणून!"

"बायजाबाई सांगे तसं. तिले लय आवडे."

रितिकानं ओढणी तोंडात कोंबली. अंजनाबाईंच्या ओठाचा एक कोपरा हलला, त्यांनी तो आवळून धरला. राग अजून होता, तो एवढ्यात जाणारा नव्हता, आणि जायला नको हेही सिस्टरला कळत होतं.

"अजून काय काय? सांगूनच टाका आता."

"बाकी सगळं खाल्लं, ताई. पाटवडी खाल्ली, सांडगे खाल्ले. तुमचा चहा दरवेळी जास्त गोड राहते, पण पेली. सगळा पेली."

अंजनाबाई येऊन समोर बसल्या. रितिकाला म्हणाल्या, "मायं ताट आण." ताट आलं. त्यांनी पोळी मोडली, पण घास घेतला नाही.

"पुढच्या पौर्णिमेले खीर देईन," त्या म्हणाल्या. "मनात काही आलं, नाही खावीशी वाटली, तर भिंतीपाशीच सांगाचं. हसाचं नाही, वाटी घ्यायची नाही."

"सांगीन."

"आन् मले राग आला तर?"

"येऊ द्या."

"माया स्वभाव तुमाले माहीत आहे. राग आला तर मी चार दिवस बोलत नाही."

"चार दिवस चालते, ताई," सिस्टर म्हणाली. "महिनाभर नका करू. महिनाभर मले नाही जमत."